दोन बोटांचा आधार

खरं नाव घेऊन कुणी हाक मारली असती, तर त्यानं मागं वळून दुसऱ्याच कुणाला तरी शोधलं असतं. सगळ्यांचा तो काडी. लहानपणी आईनं लाडानं म्हटलं, शाळेत पोरांनी ते उचललं, आणि काचेच्या कारखान्यात कामाला लागला तेव्हा पहिल्याच दिवशी एकानं त्याला आपादमस्तक न्याहाळून स्वतःच्या डोक्यानं तेच नाव ठेवलं. बायकोही काडीच म्हणायची. रागावली की काडीराव. 'आपल्याला खाल्लेलं अंगाला लागत नाही' असं तो ज्याला त्याला सांगायचा. खरं म्हणजे तो खायचाच कमी. सकाळी चहात बुडवून पाव, दुपारी घाईत चार घास, रात्री दमून अर्ध्या ताटावरून उठायचं, आणि दोष मात्र हाडापेराला.

कारखान्यात त्याचं काम कडा घासायचं. कापून आलेल्या काचेची कड हात कापेल अशी असते. ती फिरत्या दगडावर धरून बोथट करायची. दगड तापू नये म्हणून वरून सतत पाणी पडतं, त्यामुळे हात दिवसभर गार पाण्यात. इतकी वर्षं हे केल्यावर बोटांना अशा भेगा पडल्या होत्या की थंडीत शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. डॉक्टरांनी मलम दिलं आणि हात कोरडे ठेवायला सांगितलं. कोरडे हात ठेवून ओलं काम कसं करायचं, ते मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

त्याला हवी होती ती काच बसवायला बाहेर जाणाऱ्या जोडीतली जागा. ही दोन माणसं सकाळी कातडी हातमोजे घालून ट्रकवर चढायची आणि दिवसभर कुठल्या तरी नव्या इमारतीत, उजेडात, कोरड्या हातांनी काम करून यायची. पुढं मिस्त्री, मागं त्यांचा जोडीदार. त्या जोडीदाराचे गुडघे त्या वर्षी पार गेले आणि मालकीणबाईंनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "थंडी संपली की चाचणी घेणार. जो मिस्त्रींबरोबर मोठी काच नीट नेऊन ठेवेल, तो त्यांचा जोडीदार. वशिलेबाजी चालणार नाही."

काडी त्याच दिवशी मिस्त्रींना जाऊन भेटला. मिस्त्रींनी त्याला वरून खाली पाहिलं.

"काचेची समज तुझ्याइतकी इथं कुणाला नाही," ते म्हणाले. "पण बाबा, वाऱ्यात काच धरली तर काचेच्या आधी तूच उडशील. अंग कमव. मग ये."

अंग कमवायचं म्हटल्यावर काडीला एकच माणूस आठवला, ठोकळ्या. हा त्याच कारखान्यात काचा लाकडी खोक्यांत भरून खिळे ठोकायचा, आणि स्वतःही जवळपास त्या खोक्यांच्याच मापाचा होता. दोघांची दोस्ती जुनी. काडीची आई अंथरुणाला खिळली तेव्हा जिन्यावरून तिला खाली आणायचं, दवाखान्यात न्यायचं, परत वर चढवायचं, हे सगळं ठोकळ्यानं केलं होतं, आणि तेही न बोलावता. म्हातारी जाताना म्हणाली होती, "मला दोन मुलं." अशा माणसाबद्दल मनात शंका आणायची तरी कशी?

"चाचणीला तू का नाही उतरत?" काडीनं त्याला विचारलं होतं. विचारायलाच हवं होतं, कारण ठोकळ्या उतरला असता तर बाकीच्यांनी घरीच बसावं.

"मला नाही रे ती उंचावरची कामं जमायची," ठोकळ्या म्हणाला. "आपल्याला जमीन बरी. चल, तुला तयार करतो."

टायरच्या दुकानाखाली तळघरात एक जिम होती. ठोकळ्या तिथं कित्येक वर्षं जायचा. वर रबराचा वास, खाली घामाचा. भिंतीवरचे आरसे काडीच्याच कारखान्यातले, ओरखडे पडले म्हणून बाजूला काढलेले. दाराशी स्टुलावर जिमचे म्हातारे मास्तर बसायचे आणि त्यांच्या शेजारी वजनकाटा. नव्या माणसाला आधी काट्यावर उभं करायचं आणि मग भाषण द्यायचं, हा त्यांचा रिवाज.

"व्यायाम म्हणजे काय, तर गवंडी कामाला लावणं," मास्तरांनी काडीला सांगितलं. "विटाच आणल्या नाहीस तर गवंडी बांधणार काय, तुझं डोकं? खा. भूक लागायची वाट बघू नकोस, तुझ्यासारख्यांना ती लागतच नाही. अंडी खा, दूध पी, कोंबडी खा, नाहीतर कडधान्य खा. आणि भात-बटाटा सोडू नकोस; नुसत्या अंड्यांवर अंग येत नाही. आज जेवढं खातोस त्यावर अख्खं एक जेवण जास्त. आणि रोज, मनात आलं तेव्हा नाही."

काडीनं घरी येऊन हे सगळं बायकोला सांगितलं. बायको ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे घ्यायच्या-द्यायच्या काउंटरवर होती, वाफेत आणि वासात. त्या दुकानाचा गाडीवाला सोडून चालला होता आणि ती जागा तिनं स्वतःसाठी मागून ठेवली होती. त्यासाठी रोज पहाटे ती गाडी चालवायच्या क्लासला जायची. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. आठवड्यामागून आठवडे घासून ही आता गाडी मागं घ्यायला, रिव्हर्सला येऊन पोहोचली होती आणि रोज चहा पिताना टेबलावरच्या बशा मागं सरकवून नवऱ्याला ते समजावून सांगायची.

"म्हणजे दुसरा डबा लागणार," तिनं हिशेब केला. "पहिला माझ्या क्लासच्या आधी होतो. दुसरा नाही व्हायचा."

"राहू दे मग," काडी म्हणाला. मनापासून म्हणाला की तोंडदेखलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

तिनं त्याचा हात हातात घेऊन भेगांवरून अंगठा फिरवला. "आधी तुझे हात कोरडे होऊ देत. गाडी कुठं पळून चाललीये?" दुसऱ्या दिवसापासून तिनं क्लास सोडला. काडीला स्वयंपाक येत नव्हता असं नाही. त्याला तो कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला आठवण करून दिली नव्हती, इतकंच.

दुपारचा डबा कसाबसा पोटात जायचा. दुसरा, चार वाजताचा डबा ही शिक्षाच होती. भात, उकडलेले बटाटे, कोंबडी नाहीतर कडधान्य, वर दोन अंडी, बाजूला मूठभर शेंगदाणे. ज्यांना भूक लागते त्यांना यात काय कठीण ते कळायचं नाही. काडीला तिसऱ्या घासालाच घशाशी यायचं. पहिले काही दिवस डोळ्यांत पाणी आणून त्यानं रेटलं. मग एकदा तो डब्याकडे नुसता बघत बसलेला असताना ठोकळ्या खोक्यावर येऊन बसला.

"कशाला पोटावर अत्याचार करतोस?" तो म्हणाला. "दे इकडे. अन्न टाकू नये."

त्यानं डबा मांडीवर घेतला आणि बघता बघता साफ केला. "वहिनीच्या हाताला चव आहे हं!" असं वर प्रशस्तिपत्रकही दिलं. काडीला हायसं वाटलं. एखादा दिवस चालायचंच, असं तो स्वतःला म्हणाला. तो एखादा दिवस मग रोज चारला येऊ लागला.

संध्याकाळी बायको डबा उघडून विचारायची, "संपवलास?"

"चाटूनपुसून," काडी सांगायचा. ती रिकाम्या डब्याकडे बघून अशी खूश व्हायची, की खरं सांगायची वेळ रोज उद्यावर जायची.

आणि खरं सांगायची गरज तरी कुठं होती? जिममध्ये त्याची प्रगती डोळ्यांना दिसत होती. बाकावर उताणं पडायचं, वजनांच्या प्लेटा लावलेला दांडा छातीपर्यंत खाली आणायचा आणि परत वर ढकलायचा. दांडा अंगावर पडू नये म्हणून डोक्याशी जोडीदार उभा राहतो. त्याची बोटं दांड्याखाली नुसती तयारीत असतात, लागलीच गरज तर. ठोकळ्याची दोनच बोटं असायची. काडी दात-ओठ खाऊन ढकलायचा, दांडा मध्येच अडायचा, थरथरायचा, आणि मग हळूहळू वर जायचा.

"सगळं तुझंच!" ठोकळ्या वरून ओरडायचा. "मी हात पण नाही लावला! सगळं तुझंच!"

पाठीवर दांडा घेऊन बसायचं-उठायचं असेल तेव्हा ठोकळ्या मागून बगलेखाली हात घालून उभा. दंडाचा व्यायाम असेल तेव्हा समोर. जमिनीवरून वजन उचलायचा व्यायाम तेवढा त्यानं करू दिला नाही. "कंबर जाईल," म्हणाला. खरं तर त्या एकाच व्यायामात मदतीला कुणी बोटं घालू शकत नाही, पण हे काडीच्या डोक्यात यायचं काही कारण नव्हतं. ठोकळ्या तापानं पडला त्या आठवड्यात काडीनंही जिमला दांडी मारली. एकट्यानं जायला त्याला बरं वाटलं नाही. दर थोड्या दिवसांनी दांड्यावर नवी प्लेट चढायची आणि काडी घरी जाताना दुकानांच्या काचांत स्वतःचे खांदे बघत जायचा. जगात कुठलीही काच त्याला इतकी आवडली नव्हती.

मास्तर अधूनमधून त्याला काट्यावर उभं करत. काटा जिथं पहिल्या दिवशी होता तिथंच.

"खातोस का?"

"खातो की."

"मग जातं कुठं?" मास्तर त्याच्याकडे बघत, मग ठोकळ्याकडे बघत आणि गप्प बसत. बाहेर पडल्यावर ठोकळ्या म्हणायचा, "म्हाताऱ्याचा काटा गंजलाय. दांड्यावर काय चढलंय ते बघ ना तू." आणि दांड्यावर चढलेलं तर काडीनं स्वतःच्या हातांनी ढकललेलं होतं. ज्याला जे ऐकायचं असतं त्याला ते पटवायला फार अक्कल लागत नाही.

थंडी सरली. चाचणीच्या दिवशी सगळा कारखाना अंगणात जमला. दुकानाच्या दर्शनी भागाला लागते तेवढी मोठी काच, ओरखडे आले म्हणून बाजूला ठेवलेली, लाकडी घोड्यावर तिरपी उभी होती. ती दोघांनी उचलायची, अंगण ओलांडायचं, एक पायरी चढायची आणि ट्रकच्या बाजूला टेकवायची. काचेच्या कामात बोलणं मोजकं असतं. पुढचा 'उचल' म्हणतो, 'चल' म्हणतो. आणि ज्याला झेपत नसेल त्यानं, मग तो कुणीही असो, 'ठेव' म्हणायचं. 'ठेव' म्हटलं की दोघं जिथं असतील तिथं ठेवतात आणि त्यात कुणी लाज मानत नाही. मिस्त्रींनी हे चाचणीआधी सगळ्यांना पुन्हा बजावलं.

काडीनं हातमोजे चढवले. बायकोनं त्या दिवशी त्याच्या डब्यात एक अंडं जास्त घातलं होतं.

"उचल," मिस्त्री म्हणाले.

काच उचलली गेली. पहिल्या पावलालाच काडीला कळलं की काहीतरी चुकतंय. बोटांपासून खांद्यापर्यंत सगळं ओढलं जात होतं. आता अडेल, थरथरेल आणि मग वर जाईल, रोजच्यासारखं, असं म्हणत तो चालत राहिला. 'ठेव' म्हणावं असं त्याला एकदा वाटलं. पण याच्या कितीतरी जास्त तो रोज उचलत होता, मग ठेव कशाला म्हणायचं? पायरी आली. मिस्त्री चढले. काडीची बाजू खाली गेली, कोपरा पायरीवर आपटला आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकून खाली आली. मिस्त्रींनी मागं उडी मारली म्हणून त्यांचे पाय वाचले.

"तोंडात जीभ नव्हती का?" मिस्त्री ओरडले. इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. "नाही झेपत तर सांगायचं! न सांगता बाजू सोडणारा माणूस मला चालायचा नाही."

मालकीणबाईंनी काचा गोळा करायला लावल्या आणि विचारलं, "पुढचा कोण?"

काडी अजून मोजे काढत होता. गर्दीतून ठोकळ्या पुढं आला. त्याच्या हातात स्वतःचे मोजे होते, नवे कोरे. मोजे माणूस आयत्या वेळी खिशातून काढत नाही, ते आधी जाऊन आणावे लागतात. ठोकळ्यानं दुसरी काच मिस्त्रींबरोबर उचलली, अंगण ओलांडलं, पायरी चढला आणि ती टेकवून ठेवली, तेही श्वास न लागता. आयत्या बिळावर नागोबा, असं मागून कुणीतरी हळूच म्हणालं. काडीला ते तेव्हा लागलं नाही, कारण त्याला अजून बीळ कुणाचं तेच कळत नव्हतं.

"तू घाबरलास रे," ठोकळ्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "ताकद आहे तुझ्यात. माझं नाव मालकीणबाईंनीच घातलं, मी काय करणार?"

काडीनं यावरही विश्वास ठेवला. काय म्हणावं अशा माणसाला!

सुट्टी झाल्यावर तो घरी न जाता एकटाच तळघरात उतरला. आपण घाबरलो एवढंच, ताकद तर आहे, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. त्यानं दांड्यावर कालच्याच प्लेटा चढवल्या, उताणा पडला, दांडा स्टँडवरून काढला. दांडा सरळ छातीवर आला आणि तिथंच बसला. काडीनं ढकललं. मग पाय झाडले. दांडा तसूभरही हलेना, श्वास कोंडायला लागला. शेवटी मास्तर स्टुलावरून उठून आले आणि दोघा-तिघांनी मिळून तो दांडा त्याच्या अंगावरून काढला.

"एकट्यानं हे घेतात का?" मास्तर रागावले.

"काल उचललं होतं मी हे," काडी धापा टाकत म्हणाला. "काल, परवा, सगळा आठवडा."

मास्तरांनी बाकीच्यांकडे पाहिलं. बाकीच्यांनी आरशात पाहिलं.

"ते तू नाही उचललंस," मास्तर सावकाश म्हणाले. "त्यानं उचललं. अर्ध्याहून जास्त त्याचंच असायचं. मला वाटलं, तुला ठाऊक आहे. काहींना तसंच आवडतं, म्हणून मी बोललो नाही."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आरशांसमोरच्या प्रत्येकाला. महिनोन् महिने अळीमिळी गुपचिळी. 'सगळं तुझंच' अशी आरोळी उठायची तेव्हा ही मंडळी मनातल्या मनात काय म्हणत असतील, हे आठवून काडीच्या कानांत जाळ झाला. हरण्याचं दुःख त्याला ओळखीचं होतं. हे वेगळं होतं. त्याच्या जिंकण्याच्या आठवणीच कुणीतरी एकेक करून उचलून नेल्या होत्या. त्यानं कमी प्लेटा लावून बघितल्या, मग लहान, मग आणखी लहान. शेवटी जो दांडा त्याच्याच हातांनी वर गेला, तो पहिल्या महिन्यातला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं ठोकळ्याला खोक्यांच्या मागं गाठलं.

"किती दिवस?" काडीनं विचारलं.

ठोकळ्यानं उगाच कशाचं काय असा आव आणला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. हातोडी खाली ठेवली.

"पहिल्या दिवशी नुसता आधारच दिला होता," तो म्हणाला. "तुझ्याकडून गेला नाही तो. तुझं तोंड एवढंसं झालं. म्हणून थोडं वर घेतलं, तर तू हसलास. मग तुझं ते हसू मोडवेना मला."

"आणि चाचणीला नाव?"

"ते नंतर." ठोकळ्या जमिनीकडे बघत होता. "तुला जमायचं नाही हे मला दिसत होतं ना. मग म्हटलं, जागा वाया कशाला जाऊ द्यायची? मला पण ही ठोकाठोकी जन्मभर करायची नाहीये."

"जमायचं नाही हे तुला दिसत होतं. मला का नाही दाखवलंस?"

"मी तुला एकदा तरी पाडलं का?" ठोकळ्या एकदम चिडला. "एकदा तरी दांडा पडू दिला का तुझ्या अंगावर? सांग!"

नव्हता पाडला. तेच तर काडीला सहन होत नव्हतं. पडू दिला असता तर पहिल्याच आठवड्यात डोळे उघडले असते आणि चारचा डबा तो रडत रडत का होईना, पण स्वतः खाल्ला असता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. काडीला आईच्या खोलीबाहेरचा जिना आठवला. तिला उचलून उतरणारे हेच हात. तेव्हाचे खरे होते की आताचे, हे त्याला ठरवता येईना, आणि दोन्ही खरे असतील तर त्याहून वाईट. तो मिस्त्रींकडेही गेला, सगळं सांगितलं. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाईट केलं त्यानं," ते म्हणाले. "पण काच तोच नेतोय. तुझ्या खाली जाणाऱ्या बाजूला मी माझे पाय नाही लावू शकत, बाबा." काडी परत आपल्या दगडापाशी जाऊन पाण्यात हात घालून बसला.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. काच फुटल्याचं आदल्या दिवशीच सांगून झालं होतं. आता बोटांचं, आरशांचं, नव्या मोज्यांचं. ती कणाकणानं पेटत गेली.

"आणि आपण त्याला घरचा म्हणत होतो!" ती म्हणाली. "सासूबाई गेल्या त्या दिवशी याच ओट्यापाशी उभा राहून त्यानं चहा केला होता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा मेला!"

"खाल्ल्या घरचे? अगं, कमाल म्हणजे माझा डबासुद्धा तोच गिळायचा," रागाच्या भरात काडी बोलून गेला. "आयता, चारच्या ठोक्याला!"

बायको वळून त्याच्याकडे बघू लागली.

"कुठला डबा?"

खोलीत त्याचा आवाज अजून फिरत होता, पण परत घेता येणार नव्हता.

"चारचा?" तिनं विचारलं. "रोज?"

"मला जात नव्हता गं. घशाशी यायचं. सुरुवातीला खाल्ला मी, खरंच खाल्ला..."

"तू चाटूनपुसून म्हणायचास."

"रिकामा असायचा ना तो. मी कुठं..." आणि तो आपण होऊनच थांबला.

ती खुर्चीवर बसली. टेबलावर दोन बशा होत्या, त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी रिव्हर्सपर्यंत आले होते," ती म्हणाली. "दुकानानं दुसरा माणूस ठेवला, माहितीये तुला? मागच्या महिन्यात. मी तुला बोलले नाही. म्हटलं, तुझं होऊन जाऊ दे."

"मला माहीत असतं तर..."

"त्यानं तुला सांगितलं, तू उचलतोयस. तू मला सांगितलंस, तू खातोयस. तू त्याला शिव्या देतोयस, मी पण दिल्या. आता मला दोघांतला फरक दाखव."

काडीनं फरक शोधला. खूप शोधला. उपाशी असता तर निदान चक्कर आली असं सोंग तरी करता आलं असतं. त्या रात्री त्याला जेवण भरपूर होतं आणि ते तो शेवटच्या शितापर्यंत जेवला, कारण उठायची त्याची हिंमत झाली नाही.

ती दुसऱ्या दिवसापासून परत क्लासला जाऊ लागली, पहिल्या धड्यापासून, कारण मधल्या काळात हात विसरले होते. काडी तिच्याबरोबरच उठायचा आणि दोन्ही डबे स्वतः करायचा. भात कधी गचका, कधी कच्चा. एकदा अंडी विसरून भांडं कोरडं पडलं आणि घरभर धूर झाला. चार वाजले की तो दगड बंद करून भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि घास मोजून गिळायचा. घशाशी आलं की थांबायचा, पाणी प्यायचा, पुन्हा सुरू. मिस्त्रींची जोडी तेव्हा बाहेर कामावर असायची. ठोकळ्या एकदाच लवकर परतला होता. सवयीनं डब्याच्या दिशेनं दोन पावलं आला, तिथंच उभा राहिला आणि मग मुकाट्यानं वळून गेला. काडीनं मान वर केली नाही.

जिममध्ये तो लहान प्लेटा लावायचा. त्याला आधार कुणाचाच नको होता, पण एकटा पडू नये म्हणून मास्तर डोक्याशी येऊन उभे राहत, दोन्ही हात पाठीमागे बांधून. बाजूच्या आरशात ते बांधलेले हात दिसले की मगच काडी दांडा काढायचा. नाही गेला तर नाही गेला. कुणी 'सगळं तुझंच' म्हणत नसे, आणि दांडा वर जायचा तेव्हा तो खरोखर त्याचाच असायचा, पण आनंद मात्र पूर्वीच्या खोट्याइतका व्हायचा नाही.

मग एका संध्याकाळी मास्तरांनी त्याला काट्यावर उभं केलं आणि काटा सरकला. थोडासाच, पण सरकला. मास्तरांनी वाकून दोनदा बघितलं. "आता खातोस," ते म्हणाले, आणि हे त्यांनी विचारलं नव्हतं.

काडी जवळजवळ पळतच घरी आला. बायको नुकतीच आली होती. पुढच्या आठवड्यात तिची गाडीची परीक्षा होती आणि ती कपाळाला आठ्या घालून बशा मागंपुढं सरकवत बसली होती. त्यानं पिशवीतून चारचा डबा काढून तिच्यासमोर उघडला. आत शीतसुद्धा नव्हतं.

"काटा सरकला," तो म्हणाला. "सगळा मीच खाल्ला. आज, काल, रोज. एकट्यानं."

ती पूर्वी डबा उघडून त्यात डोकावायची, संपवलास का म्हणून विचारायची. आता तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, आणि झाकण लावून तो बाजूला सारला.

"असेल," ती म्हणाली, आणि बशी मागं घेऊ लागली.